सोनकांबळे टायपिंग इन्स्टिट्यूट, लातूर

लातूर, ७ जुलै १९८५

महादेवी,

आमचं जयभीम आणि तुमच्या लिंगायतांचं शरणु. हॉस्टेलात आपण एकमेकींना दोन्ही म्हणायचो, म्हणून सवयीनं लिहिलं. पुढचा मायना मात्र ठरवता आला नाही. सौभाग्यवती लिहावं तर लग्नाला मी नव्हते, आणि प्रिय लिहावं तर मी अजून रागात आहे.

बी. कॉम.चा निकाल लागला. आपण दोघी पास झालो. तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त आहेत. निकाल घ्यायला तू येशील म्हणून मी नांदेडला दिवसभर कॉलेजच्या व्हरांड्यात बसून राहिले. संध्याकाळी रेक्टरबाईंनी सांगितलं, "तिचं तर लग्न झालं की मे महिन्यात. अक्कलकोटला दिली." त्यांना माहीत होतं आणि मला नाही.

मी दुसऱ्या दिवशी देगलूरची गाडी पकडली. तुझ्या घरी गेले होते. हे तुला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

तुझे अप्पा दुकानात होते. मी नाव सांगितलं, आडनावही सांगितलं. त्यांनी मला गादीजवळच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. मला वाटलं होतं, हा माणूस मला दारातूनच घालवील. आपला टायपिंग इन्स्टिट्यूटचा बेत ऐकून ते तर तासभर माझ्याशी धंद्याचं बोलत बसले. टायपिंगला जागा वरच्या मजल्यावर घे, खाली घेतलीस तर धुरळ्यानं मशीन मरतं. गिऱ्हाईक आलं की आधी बसायला द्यायचं, मग बोलायचं. मशीन बिघडलं तर पोरांच्या समोर उघडायचं नाही. आणि पाटीवर आडनाव घालायचं नाही. मधेच एक गाडीवान आला, त्याच्याशी कानडीत बोलले, एक गिऱ्हाईक तेलुगूत बोलून गेलं, आणि परत माझ्याकडे वळून मागचं वाक्य जिथं तुटलं तिथूनच सुरू केलं. तू अशी तीन भाषा मिसळून का बोलतेस ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी विचारलं, एवढं सगळं माहीत आहे तर महादेवीला का नाही करू दिलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "तुज्यात धंदा हाय. माज्या पोरीत तर तुज्याहून जास्त हाय, म्या काय आंधळा हाय का? पर ती दुकान मांडून बसली तर तिला करून कोण घेईल?"

मी उठले. तुझी आई, गुणाबाई, गल्लीच्या टोकाला माझी वाट बघत उभ्या होत्या. त्यांनी पत्ता दिला. एवढंच म्हणाल्या, "लिही तिला. एकटी हाय पोरगी."

म्हणून लिहिते आहे. नाहीतर लिहिणार नव्हते.

आठवतं का, निवृत्ती सर आपल्या वर्गाला विष्णुपुरीचं धरणाचं काम दाखवायला घेऊन गेले होते? परत येताना गाडीत त्यांनी विचारलं, पदवीनंतर स्वतःचा धंदा कोण कोण काढणार. पोरं हसली. कुणी बँक म्हणालं, कुणी एसटी, कुणी तलाठी. हात तू वर केलास. मग मी केला. सर म्हणाले, महादेवीचे वडील व्यापारी आहेत, तिचं समजू शकतो, पण सोनकांबळे, तुमचं कारण काय? खरं कारण एवढंच होतं की तुझा हात एकटाच दिसत होता.

बाकी सगळं तुझंच डोकं. लातूर नवा जिल्हा झालाय, कचेऱ्या वाढल्यात, जो तो क्लार्क व्हायला निघालाय, आणि क्लार्क व्हायला टायपिंगचं सर्टिफिकेट लागतं. तर आपण टायपिंग शिकवायचं. धंदा हा शब्द आमच्या घरात कुणी चांगल्या अर्थानं उच्चारलेला मला आठवत नाही. तो तू मला शिकवलास आणि निघून गेलीस.

का सांगितलं नाहीस, एवढं कळव. बाकी काही नको.

सिंधु

*

लातूर, १५ नोव्हेंबर १९८५

महादेवी,

तुझं उत्तर नाही. नव्या घरात वेळ मिळत नसेल असं समजून परत लिहिते.

अण्णांना सांगितलं. तुला माहीतच आहे, ते कलेक्टर कचेरीत. उस्मानाबादला शिपाई म्हणून लागले, जिल्हा फुटला तेव्हा इकडं आले, आता बारनिशीत, आवक-जावकीचं टेबल मिळालंय. माझ्यासाठी त्यांनी क्लार्कच्या परीक्षेचा अर्ज आणून ठेवला होता. मी म्हणाले, परीक्षा देते, पण मला इन्स्टिट्यूट काढायचंय.

अण्णांनी अर्ज बाजूला ठेवला. मग आईला म्हणाले, "पारू, हिला टपरीचं सांगितलं न्हाईस का कवा?" आई म्हणाली, न्हाई. तेव्हा त्यांनी स्वतः सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या चाकूरजवळच्या गावाकडं रस्त्याचं काम निघालं होतं. सगळी माणसं खडी फोडायला. अण्णांना वाटलं, एवढी माणसं उन्हात आहेत, चहाला जागा नाही. त्यांनी चार बांबू रोवून टपरी घातली. पहिले दोन-तीन दिवस गर्दी झाली. मग कुणीतरी विचारलं, हा कुठल्या वस्तीतला. दुसऱ्या दिवसापासून माणसं अर्धा मैल चालून लांबच्या टपरीवर जायला लागली. अण्णांच्या समोरून, मान खाली घालून. त्यातले काहीजण तर त्यांचे रोजचे बोलण्यातले. आमच्या वस्तीतले लोक तेवढे यायचे. अण्णांनी तरी महिनाभर रोज आधण ठेवलं.

मी तेव्हा लहान होते. मला त्या दिवसांतलं एवढंच आठवतं की घरात चहा लई मिळायचा. संध्याकाळी आई आम्हा भावंडांना वाट्या भरभरून द्यायची. मला वाटायचं, आपले चांगले दिवस आले.

अण्णा म्हणाले, "कागद न्यायला त्यास्नी माज्या टेबलाम्होरं यावंच लागतं. मनात काय का असंना. चहा प्यायला यावं लागत न्हाई. एवढाच फरक हाय पोरी, दुसरा न्हाई."

महादेवी, आपण हॉस्टेलात किती बोललो. जागा, मशीन, बॅचेस. तुझ्या बोलण्यात हे कधी आलं नाही, कारण तुला ते माहीत असायचं कारणच नव्हतं. आणि माझ्या बोलण्यात आलं नाही, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

तरी मी जागा बघितली. गंजगोलाईच्या मागच्या बाजूला, जिना चढून वर, एक लांबट खोली. मालकांनी आडनाव विचारलं, मी सांगितलं, त्यांनी जरा वेळ पंख्याकडं बघितलं आणि किल्ली दिली. नांदेडच्या कोर्टातले एक टायपिस्ट रिटायर झाले, त्यांच्याकडून जुनी मशीनं मिळाली. इंग्रजीचं एकच आहे, बाकी मराठी. एका मराठी मशीनचा ‘क्ष’ उमटत नाही, क्षमस्व लिहायचं झालं की पोरं माझ्याकडं बघतात.

पाटीवरून विचारात पडले होते. तुझे अप्पा म्हणाले होते, आडनाव नको. अण्णांचंही तेच. पण अण्णांच्या टपरीला कुठं पाटी होती? तरी सगळ्यांना कळलंच. मग लपवून मिळणार काय? कळल्यावर माणूस जिन्यातून उतरून जाण्यापेक्षा पाटी वाचून खालूनच गेलेला बरा. मी पेंटरला सांगितलं, ‘सोनकांबळे टायपिंग इन्स्टिट्यूट’, आणि अक्षर मोठं काढ.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला ठरवता येत नाही. कळव.

सिंधु

*

लातूर, २० एप्रिल १९८६

प्रिय महादेवी,

राग गेला. राग धरायलाही समोरून काहीतरी यावं लागतं.

इकडं पाऊस झालाच नाही. तुमच्या भागातही नसेल. नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही, टँकर आला की बायका हंड्यांची रांग सोडून पळत सुटतात. गावाकडं शेतात काही काम उरलेलं नाही, म्हणून पोरं टायपिंगला येताहेत. तुझ्या हिशोबात दुष्काळ नव्हता, पण बॅचेस त्यानंच भरवल्या. सकाळी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून, आंघोळ न करताच येणारी पोरं आहेत. त्यांची बोटं इतकी जड झालेली असतात की एक बटण दाबलं की शेजारचंही खाली जातं. त्यांना मी कागदावर नाही, आधी नुसत्या टेबलावर बोटं चालवायला लावते.

काहीजण पाटी वाचून जातात. काहीजण वर येतात, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो बघतात, उद्या येतो म्हणतात आणि येत नाहीत. येणाऱ्यांतलेही काही कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पीत नाहीत. एवढ्या उन्हात तसेच कोरड्या तोंडानं मशीन बडवत बसतात. मी शिकवायचं काम नीट करते. आपण विचार केला होता की गिऱ्हाईक चांगल्या शिकवण्यावर येतं. येतं, पण त्या आधी त्याला बरंच काही ओलांडून यावं लागतं.

एक गोष्ट तुला सांगायची होती. दुपारच्या सुट्टीत अण्णा येतात. वर नाही येत. रस्त्यापलीकडं रसवंतीच्या सावलीत उभे राहतात आणि आमचा जिना बघत राहतात. कोण चढतं, कोण पाटीखाली थबकून वळतं. मला वरून दिसतं. एकदा मी खाली उतरले, तर म्हणाले, "कचेरीतून इकडून चाललो होतो," आणि गेले. कचेरीचा रस्ता तिकडून जातच नाही.

मी कधी कधी विचार करते, हा काय धंदा आहे. मी स्वतः नोकरी नको म्हणते आणि दिवसभर दुसऱ्यांना नोकरीसाठी तयार करते. सगळ्यांना खुर्ची हवी आहे म्हणून माझं चालतं. उद्या सगळ्यांनीच माझ्यासारखा हात वर केला तर मला कुलूप लावावं लागेल. हे तुला सांगितलं असतं तर तू खो खो हसली असतीस.

हसायला माणूस नाही, हाच त्रास आहे. काम जमतं आहे.

दोन ओळी टाक. नुसतं पोचलं म्हण.

तुझी
सिंधु

*

लातूर, ३० नोव्हेंबर १९८६

प्रिय महादेवी,

दिवाळीला तू देगलूरला येशील, येता-जाता लातूरला गाडी बदलशील, म्हणून त्या आठवड्यात मी दोनदा स्टँडवर जाऊन आले. देगलूरचं एक पोरगं माझ्याकडं शिकतं. ते सुट्टीहून आल्यावर म्हणालं, दुकानवाल्या नागप्पांची पोरगी सणाला आली नाही. मागच्या सणालाही आली नव्हती म्हणे.

तुझी तब्येत बरी आहे ना? मला आता काळजी वाटते आहे. मी पत्र पोस्टकार्डावर न लिहिता पाकिटात घालते, ते मुद्दाम. तरीही तुला पोचत नसेल तर तसं गुणाबाईंकडून तरी कळव.

इकडची बातमी. क्लार्कच्या परीक्षेत मी पास झाले. ऑर्डर आली आहे. जिल्हा परिषदेत, लातुरातच. अण्णांनी ती स्वतः कचेरीतून हातात धरून आणली, खिशात घातली नाही, घडी पडेल म्हणून. येताना पेढे आणले. आमच्या गल्लीत घरोघर स्वतः वाटून आले. इतकी वर्षं मी त्यांना कुणाच्या दारात उभं राहून एवढं बोलताना पाहिलं नव्हतं.

हजर व्हायला मुदत आहे. मी अजून त्यांना काही बोलले नाही. पेढा खाल्ला.

इन्स्टिट्यूट ठीक चालतं. भरभराट नाही. दोन्ही गोष्टी काही होणार नाहीत, एक सोडावी लागेल. मला हे तुझ्याशिवाय कुणाला विचारायचं नाही, म्हणून विचारते. काय करू?

तुझी
सिंधु

*

लातूर, ११ जानेवारी १९८७

प्रिय महादेवी,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. तुमच्या देगलूरच्या त्या पोराजवळ देते आहे. ते गुणाबाईंच्या हातात देईल, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

त्या दिवशी तू दारात उभी होतीस आणि मी तुला ओळखलं नाही, हे तू मनाला लावून घेऊ नकोस. पोरं मशीन बडवत होती, दारात उजेडाच्या आड कुणीतरी बाई, पोटुशी, डोक्यावरून पदर. मला वाटलं, कुणा पोराची बहीण चौकशीला आली. तू म्हणालीस, "मशीनं उन्हात मांडलीस गं. रिबन वाळत असतील." मग ओळखलं.

तुझा भाऊ मडिवाळप्पा बाळंतपणाला न्यायला आला होता, आणि उदगीरच्या गाडीला वेळ होता, म्हणून तू त्याला सामानाजवळ बसवून आली होतीस. पायी. त्या अवस्थेत. मी पोरांना सुट्टी देत होते तर तू देऊ दिली नाहीस. म्हणालीस, "बेडा, नको गं, शिकवणी बंद करू नको, मला आवाज ऐकायचाय." मग आपण दोघी त्या खडखडाटात ओरडून बोललो.

तू सगळी खोली फिरून बघितलीस. माठ दाराजवळच्या कोपऱ्यातून आत हलवायला लावलास. पोरींची वेगळी बॅच का नाही म्हणून मला रागावलीस. घरातली कामं उरकल्यावर दुपारी घरचे सोडतात, संध्याकाळी सोडत नाहीत, एवढं कळत नाही का तुला, म्हणालीस. मला खरंच कळलं नव्हतं. वर्षभर मी इथं बसले होते, आणि तू चहा गार होईपर्यंत सगळं सांगून मोकळी झालीस. तेव्हाच मला रडू आलं होतं. तुला वाटलं, मी पत्रांचं ऐकून रडले. पत्रांचं तर तू नंतर सांगितलंस.

मी विचारलं, लग्नाचं का सांगितलं नाहीस. तू म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू आली असतीस. आणि तू आली असतीस तर मी मांडवात बसले नसते."

आणि मग पत्रांचं. की माझं प्रत्येक पाकीट आधी तुझ्या सासऱ्यांच्या हातात जायचं, जेवणं झाल्यावर ते तुझ्या मालकांना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावायचे. की पहिल्याच पत्रावर त्यांनी विचारलं, ही सोनकांबळे कोण, हिच्याबरोबर एका ताटात जेवत होतीस का, आणि तू हो म्हणालीस. की पत्र आलं की तुझं माहेर बंद. सण गेला, दुसरा गेला. आणि मी इकडं स्टँडवर उभी होते आणि लिहीत होते, दोन ओळी टाक.

माझ्या अण्णांच्या टपरीचं पण त्यांनी तसंच वाचलं असेल. ते मी फक्त तुला सांगितलं होतं.

मी म्हणाले, पहिल्याच वेळी निरोप का नाही पाठवलास, मी थांबले असते. तू खाली बघत म्हणालीस, "ते वाचायचे तेव्हा मला बी ऐकू यायचं ना. तेवढंच." त्यानंतर म्हणालीस, "पर आता बास कर, सिंधे. आता मी एकटी न्हाई. ह्याला त्रास नको."

मी तुला शब्द दिला. तो पाळते आहे. हे त्या शब्दाच्या बाहेरचं एकच, कारण तुला दोन गोष्टींचं पुढं काय झालं ते कळायला हवं.

ऑर्डर मी तुला दाखवली तेव्हा तू ती दोनदा वाचलीस. वाटलं, तू घे म्हणशील. कुणीही शहाणं माणूस म्हणालं असतं. तू म्हणालीस, "घे म्हणायला पायजे. पर हे बंद झालं तर लातूर म्हंजे मला नुसतं गाडी बदलायचं गाव."

मी हजर झाले नाही. मुदत संपली त्या दिवशी अण्णांना सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी ऑर्डर मागून घेतली, परत एकदा वाचली, आणि तशीच सरळ ट्रंकेत ठेवली. मग आईला म्हणाले, "मी आता रिटायर व्हायला आलो. तिला सांग, म्होरं ह्या घरात सरकारी माणूस कुणी राहणार न्हाई. कुणी दारात आलं, दमदाटी केली, तर कुणाचं नाव सांगायचं?" मी तिथंच बसले होते. तेव्हापासून ते माझ्याशी आईमार्फत बोलतात. रसवंतीजवळही येत नाहीत. त्यांच्याशी वाद घालायला मी गेले नाही, कारण त्यांचं खरं आहे. माझंही खरं असावं असं वाटतं, पण ते कळायला वर्षं लागतील, आणि तोवर ते थांबतील की नाही माहीत नाही.

दुसरी गोष्ट, दुपारची बॅच. सुरू केली. अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोरी आहेत. एकीची आई रोज जिन्यात बसून राहते, तास संपला की तिला घेऊन जाते. काल ती आई आत आली, बाकावर टेकली, आणि मला म्हणाली, हे यंत्र बायांनी चालवलं तर चालतं व्हय. मी तिला मशीनसमोर बसवलं. तिला वाचता येत नाही. तिनं एक अक्षर दाबलं, दांडी उठून कागदावर आपटली, तशी ती दचकून हसली, आणि मग पोरीचा तास संपला तरी उठेना.

त्या दिवशी मी तुला स्टँडवर सोडायला आले. मडिवाळप्पा माझ्याशी बोलला नाही, पण त्यानं तुझी पिशवी माझ्या हातून घेतली, हिसकावली नाही. तू पलीकडच्या खिडकीशी बसलीस, त्यामुळं गाडी निघताना मला नुसता त्याचा चेहरा दिसला. मी वळसा घालून त्या बाजूला पळाले, तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती. धूळ इतकी होती की नंबरही दिसला नाही.

बाळंतपण नीट होऊ दे. मला कळवू नकोस. देगलूरची पोरं येत असतात, त्यांच्या बोलण्यातून कळेल ते कळेल. मी त्यांना विचारणार नाही.

आता सही करायची आहे. सही केली की झालं, म्हणून मघापासून काहीबाही लिहीत बसले आहे. जिन्यावर चपलांचा आवाज येतो आहे, पोरी आल्या.

तुझी
सिंधु